डिझेल हीटर सारखा काजळतोय? बर्नर उघडण्याआधी सेन्सर कुठे बसलाय ते बघा

एका हिवाळ्यात आमच्या ट्रॅव्हलरमधला (बेड आणि ओटा बसवून घेतलेली व्हॅन) डिझेल हीटर मी तीनदा उघडला. तिन्ही वेळा आत तेच: बर्नरच्या नळकांड्यात नखाएवढ्या जाडीची कोरडी काजळी आणि हीटर प्लगभोवतीची (हा प्लग तापून डिझेल पेटवतो) बारीक जाळी जवळजवळ बुजलेली. साफ केलं, नवी जाळी आणि गॅसकेट घातलं की पंधरा-वीस रात्री छान जायच्या. मग पुन्हा तोच प्रकार. संध्याकाळी लावला की वीस मिनिटांत गाडी गरम व्हायची, हीटर आवाज कमी करून शांत व्हायचा. मध्यरात्रीनंतर मागच्या बेडवर पाय गार पडायचे. पहाटे एक्झॉस्टमधून पांढरा धूर, आतून घरघर, आणि हीटर बंद. सकाळी पेटवायला गेलं की दोनदा प्रयत्न करून पॅनेलवर एरर.

काजळी का साठते हे कळत नाही तोवर साफसफाईचा उपयोग पंधरा दिवसांपुरताच. आमच्या गाडीत त्याचं मूळ हीटर तापमान कसं सांभाळतो यात सापडलं, आणि तिथवर पोहोचायला मला जवळपास दोन महिने लागले. म्हणून सविस्तर लिहितोय.

ज्यांना हे यंत्र माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गाडीचं इंजिन बंद असताना टाकीतलंच डिझेल थेंबाथेंबाने जाळून आतली हवा गरम करणारा हा हीटर. थंड देशांत तो जुना आहे. जर्मनीच्या एबरस्पेशर आणि वेबॅस्टो या कंपन्या त्यासाठी प्रसिद्ध, आणि हवेवर थंड होणाऱ्या जुन्या फोक्सवॅगन गाड्यांतही पेट्रोलवर चालणारे असे हीटर बसत. आपल्याकडे लडाख-स्पितीला स्वतःची गाडी नेणारी मंडळी आता चिनी बनावटीचे हीटर बसवून घेतात. आमचाही तसाच, खोक्यावर ‘५ किलोवॅट’ लिहिलेला.

आधी कुठे कुठे शोधलं

पहिला संशय डिझेलवर. पेट्रोल पंप बदलला, टाकी रिकामी करून पुन्हा भरली, फिल्टर नवा घातला. फरक शून्य.

दुसरा संशय बॅटरीच्या वायरवर, आणि तिथे खरंच दोष निघाला. पेटताना हीटर प्लग साधारण ८ ते १० अँपिअर ओढतो. त्या क्षणी बॅटरीच्या टोकाला १२.६ व्होल्ट आणि हीटरच्या प्लगपाशी १०.९ व्होल्ट दिसत होते. वायर बारीक होती, जोडही नीट दाबलेले नव्हते. नाशिकच्या अंबडमधल्या एका वायरमनकडून ६ चौरस मिलिमीटरची वायर ओढून घेतली, तेव्हा हीटरपाशी १२.३ मिळू लागले. पेटणं सुधारलं, पण काजळी तशीच राहिली. हे मोजमाप मात्र प्रत्येकाने करावं, आणि प्लग तापत असतानाच करावं. हीटर बंद असताना मीटर लावला तर वायर कितीही बारीक असो, आकडा चांगलाच दिसतो.

तिसरा संशय हीटरच्या डोसिंग पंपावर. तो मी मागवणारच होतो. आमच्या गल्लीत एक काका राहतात, सातपूरच्या बॉशच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. जन्मभर डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर हाताळलेला माणूस. ते म्हणाले, “अरे, नवा घेण्याआधी आहे तो मोजून तर बघ.” या पंपाचं सगळं मर्म त्यांच्या या एका वाक्यात निघालं.

हा पंप सतत डिझेल ढकलत नाही. आत एक छोटा पिस्टन असतो, विजेचा एक झटका मिळाला की तो एकदाच पुढे जातो आणि ठरलेला थेंब सोडतो. रात्री गाडीखालून येणारी टिकटिक ती हीच. आमच्या पंपावर २२ मिलिलिटर असं छापलंय, म्हणजे हजार टिकटिकींना २२ मिलिलिटर. काकांनी पंपाची पुढची नळी काढून मोजपात्रात धरायला लावली, पॅनेलमधल्या नळी भरण्याच्या सोयीने पंप चालवला आणि हजार ठोके मोजले. साडेएकवीस मिलिलिटर भरलं. पंप उत्तम होता. दोन हजार रुपये वाचले, आणि त्याहून मोठं म्हणजे हिशोबाला एक पक्का आकडा मिळाला.

टिकटिकीचा हिशोब

आमच्या पॅनेलवर पंपाचा वेग दिसतो: सगळ्यात कमी सेकंदाला १.६ ठोके, सगळ्यात जास्त ५. सेकंदाला १.६ म्हणजे तासाला ५,७६० ठोके, म्हणजे सुमारे १२७ मिलिलिटर डिझेल. एक लिटर डिझेलमध्ये ढोबळमानाने १० किलोवॅट-तास उष्णता असते. तेव्हा कमीत कमी वेगालाही हा हीटर सव्वा किलोवॅट जाळतो. एक्झॉस्टमधून जाणारी उष्णता वजा केली तर गाडीत सुमारे एक किलोवॅट येतो. वरच्या टोकाला तासाला ३९६ मिलिलिटर, म्हणजे जाळ चार किलोवॅटचा. खोक्यावरचे पाच या पंपातून निघूच शकत नाहीत. ते असो, आपला प्रश्न खालच्या टोकाचा आहे.

तापमान सांभाळायला हीटर काय करतो? घरातला गीझर ठरलेलं तापमान आलं की चटकन बंद होतो, कमी झालं की पुन्हा चालू. या हीटरला ते परवडत नाही. पेटायला त्याला काही मिनिटं लागतात, आणि विझतानाही पंप थांबल्यावर उरलेलं डिझेल जाळून, आतलं कवच गार होईपर्यंत पंखा फिरवत ठेवावा लागतो. म्हणून तो जाळ लहान-मोठा करतो. तुम्ही लावलेलं तापमान आणि सेन्सरला दिसणारं तापमान यांतलं अंतर मोठं असेल तर पंप जोरात, अंतर मिटत आलं की हळू. पंख्याचा वेगही बरोबरच बदलतो, कारण जळणाला लागणारी हवा आणि गाडीत फिरणारी हवा या दोन्हींचे पंखे एकाच मोटरच्या दांड्यावर बसलेले असतात. डिझेल कमी केलं आणि हवा तेवढीच ठेवली तर जाळ गार पडेल, उलट केलं तर धूर होईल. म्हणून दोन्ही एकमेकांना बांधलेले.

पण हे लहान करणं एका मर्यादेपर्यंतच चालतं. त्याखाली जाळ टिकत नाही. एबरस्पेशरच्या एअरट्रॉनिक डी २ या हीटरला २.२, १.८, १.२ आणि ०.८५ किलोवॅट असे चार टप्पे आहेत. ०.८५ वरही गाडी जास्त गरम होऊ लागली तर तो जाळ विझवतो, हळू पंखा चालू ठेवून तापमानावर नजर ठेवतो आणि गरज पडली की पुन्हा पेटतो. आमचा हीटर मूळ सेटिंगवर असं काहीच करत नाही. ठरलेलं तापमान आलं की १.६ वर उतरतो आणि सकाळपर्यंत तिथेच बसतो, गाडी कितीही गरम होवो.

आणि त्या खालच्या टोकाला रात्रभर बसणं हेच काजळीचं घर आहे. डिझेलची पूर्ण वाफ व्हायला बर्नरचं कवच आणि जाळी चांगली तापलेली लागतात. जाळ लहान असला की ती तितकी तापत नाहीत, थोडं डिझेल अर्धवट जळतं आणि कोळसा होऊन चिकटतं. माझी सासुरवाडी निफाडची. थंडीची लाट आली की तिथे द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटवतात, आणि त्या मुद्दाम धुमसत ठेवतात, कारण बागेवर धुराचा थर हवा असतो. मी हीटर उघडून बसलो होतो तेव्हा सासरे शेजारी उभे होते. काजळी बघून म्हणाले, “जावईबापू, हा तर धुमसतोय. जाळ धरतच नाहीये.” अगदी तेच होत होतं.

पॅनेलला गरम, माणसाला गार

तरीही एक गोष्ट जुळत नव्हती. बेडवर पाय गार पडत होते, मग हीटर खालच्या टोकाला का बसतोय?

निफाडलाच मळ्यात गाडी लावून एक रात्र काढली. बाहेर पहाटे ६ अंश होते. बाजारात मिळतात तसे तीन साधे डिजिटल थर्मामीटर घेतले: एक हीटरच्या पॅनेलला चिकटवून, एक बेडच्या उशाशी, एक हीटरच्या हवा आत ओढणाऱ्या तोंडापाशी. पॅनेलवर २२ अंश लावलेले. रात्री दोन वाजता पॅनेलपाशी २६, उशाशी १६ आणि हीटरच्या तोंडापाशी ३३.

सगळं तिथेच उलगडलं. गाडी बनवून घेताना वायर वाचावी म्हणून पॅनेल स्वयंपाकाच्या ओट्याच्या बाजूला, हीटरच्या बरोबर वर लावलं होतं, आणि तापमानाचा सेन्सर त्या पॅनेलच्या पोटात आहे. गरम हवेचं तोंड त्याच्याखाली वीतभर अंतरावर. हीटर आत ओढत होता ती हवासुद्धा बरीचशी त्याने स्वतःच नुकतीच बाहेर टाकलेली. म्हणजे पुढच्या कोपऱ्यात हवा गोल गोल फिरत होती, सेन्सर समजत होता गाडी गरम झाली, आणि मागे झोपलेला माणूस कुडकुडत होता. मग आम्ही काय करायचो, तर तापमान २२ चं २६ करायचो. हीटर अर्धा तास जोरात चालायचा, पॅनेल तापायचं, आणि पुन्हा खालच्या टोकाला.

तुमच्या हीटरचा सेन्सर कुठे आहे ते आधी शोधा. काहींचा पॅनेलमध्ये असतो, काहींचा हीटरच्या आत हवा ओढण्याच्या तोंडाशी, काहींना वेगळ्या वायरवर बसवता येतो. त्याशिवाय कवचावर आणखी एक सेन्सर असतो, पण त्याचं काम निराळं: जाळ पेटला का, मध्येच विझला का, कवच हद्दीबाहेर तापलं का, हे तो बघतो. अंथरुणातल्या थंडीचं त्याला काही कळत नाही.

दुरुस्ती दोन टप्प्यांत झाली. पॅनेल तिथून काढून समोरच्या बाजूला, बेडच्या उंचीच्या थोडं वर लावलं. पत्र्यावर थेट लावलं नाही, मध्ये प्लायवूड आहे, कारण बाहेरच्या गार पत्र्याला टेकलेला सेन्सर उलटी चूक करतो. दरवाजाची फट आणि डक्टचा (गरम हवेच्या नळीचा) झोत दोन्ही टाळले. गरम हवेचा डक्ट मागच्या बेडपर्यंत वाढवला, आणि हवा ओढणारं तोंड पुढे उघडं ठेवलं. आता गरम हवा पूर्ण गाडी फिरून परत येते. पुढच्या रात्री पॅनेल आणि उशी यांत एकाच अंशाचा फरक होता. डक्ट वाढवताना त्याला फार वळणं देऊ नका आणि तोंड अरुंद करू नका. हवा कोंडली की कवच तापून हीटर सुरक्षेसाठी स्वतःच बंद होतो.

दुसरा टप्पा आकड्यांनी शिकवला. खालच्या टोकाला आमची गाडी बाहेरच्यापेक्षा साधारण १७ अंश गरम राहते. निफाडला ५ अंश असताना २२ हवे असतील तर ते सव्वा किलोवॅटचं जळणच पुरतं. गंगापूर रोडला घरासमोर १२ अंशांच्या रात्री तेच जळण गाडी २९ पर्यंत नेतं. म्हणजे सेन्सर अगदी योग्य जागी असला तरी नाशिकच्या थंडीत हा हीटर कायम खालच्या टोकालाच राहणार. लेहला उणे १० ला मात्र ३२ अंशांची तफावत भरून काढायची असते, तिथे त्याला मध्यम वेगाने पळावंच लागतं. लडाखसाठी घेतलेला हीटर आपल्याकडच्या हिवाळ्याला मोठा पडतो. नवा घेणाऱ्याला मी दोन किलोवॅटचाच सुचवेन.

मोठा आधीच बसवला असेल तर उपाय असा. पॅनेलमध्ये आपोआप बंद-चालू होण्याची सोय आहे का बघा, असेल तर ती चालू करा आणि बंद-चालू यांतलं अंतर ऐसपैस ठेवा. मी आधी २ अंश ठेवलं होतं, तर हीटर रात्रीत नऊ-दहा वेळा पेटला-विझला. प्रत्येक पेटण्याला बॅटरी खर्च होते आणि पेटतानाचा पहिला धूरही काजळी सोडतो. आता ५ अंश ठेवलंय, रात्रीत तीन-चार वेळाच पेटतो, आणि पेटतो तेव्हा नीट जोरात चालतो. ही सोय नसेल तर हाताने करा: झोपताना तासभर जोरात, मग बंद, पहाटे पुन्हा तासभर. आणि दोन्ही पद्धतींत, बंद करण्याआधी वीस मिनिटं वरच्या वेगाला चालवा. त्या तापात पातळ काजळी जळून जाते. जाड झालेली जात नाही, ती उघडूनच काढावी लागते.

पॅनेलमधल्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊन पंपाचा किमान वेग आणखी खाली नेण्याचा सल्ला बरेच जण देतात, गाडी फार गरम होते म्हणून. ते करू नका. काजळी दुप्पट वेगाने साठेल.

उंचावर गेल्यावर

लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशाच्या आसपास राहतो. पंप मात्र थेंब तेवढाच टाकतो, कारण त्याला उंची कळत नाही. डिझेल जास्त, प्राणवायू कमी, परत धूर. चांगल्या कंपन्या दीड हजार मीटरच्या वर जास्त दिवस राहायचं असेल तर उंचीची वेगळी जोडणी लावायला सांगतात. साध्या हीटरमध्ये वरच्या टोकाचा पंपाचा वेग थोडा कमी करून पंख्याचा तसाच ठेवावा लागतो, आणि दरवेळी एक्झॉस्टकडे बघत, थोडं थोडं. खाली आल्यावर मूळ आकडे परत टाकायचे, म्हणून ते आधी कागदावर लिहून ठेवा. डिझेलचंही लक्षात असू द्या. नाशिकला भरलेलं डिझेल तिकडच्या हिवाळ्यात घट्ट होतं. इंडियन ऑइलने २०१९ पासून लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल दिलंय, तिथे पोहोचताच टाकी त्याने भरा.

पाणी गरम करणारा हीटर असेल तर

काही परदेशी बनावटीच्या गाड्यांत कंपनीनेच बसवलेला इंधनावरचा हीटर असतो. तो हवेऐवजी कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला फिरणारं पाणी, गरम करतो. तिथे सेन्सर कूलंटमध्येच असतो, त्यामुळे पॅनेलच्या जागेचा प्रश्न येत नाही. आधी पूर्ण जाळ, कूलंट तापत आलं की अर्धा, ठरलेल्या अंशांना पोहोचलं की विश्रांती, निवलं की पुन्हा सुरू, असा त्याचा क्रम. तक्रार वेगळी दिसते, पण फसगत त्याच जातीची असते: हीटर दोन-तीन मिनिटांत ‘गरम झालो’ म्हणून थांबतो आणि आत येणारी हवा गारच. अशा वेळी कूलंटची पातळी, पाइपातला हवेचा बुडबुडा आणि हीटरचा छोटा पाण्याचा पंप बघा. पाणी फिरत नसेल तर हीटरच्या पोटातलं पेलाभर पाणीच तापतं, आणि सेन्सर तेवढंच बघतो.

बर्नर उघडायचाच असेल तर गॅसकेट आणि प्लगची जाळी नवी घालाच, जुनी परत बसवून बचत होत नाही. एक्झॉस्टच्या सायलेन्सरला तळाशी पाणी झिरपायला बारीक छिद्र असतं, ते वर आलेलं नाही ना ते पाहा, नाहीतर पाणी साठून धूर कोंडतो. एक्झॉस्टचे सगळे क्लॅम्प हाताने हलवून बघा, त्याचं तोंड खिडकीखाली किंवा जळणाची हवा ओढणाऱ्या नळीजवळ नको. गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असल्याशिवाय हा हीटर लावून कोणीही झोपू नये, आणि बंद गॅरेजमध्ये तर तो पेटवूच नये. या वायूला वास नसतो. आमच्या गाडीत मुलं झोपतात, म्हणून अलार्म उशाच्या उंचीला आहे आणि दर महिन्याच्या एक तारखेला बायको त्याचं बटण दाबून बघते.

बंद करताना पॅनेलवरूनच बंद करा आणि पंखा थांबेपर्यंत मेन स्विचला हात लावू नका. आमच्या घरी सकाळी निघण्याच्या घाईत ही चूक दोनदा झाली होती, आतली उष्णता कोंडून प्लगच्या वायरचं आवरण वितळलं.

सेन्सर हलवून एक पूर्ण हिवाळा गेला. संक्रांतीनंतर मुद्दाम उघडून बघितला: नळकांड्यात राखाडी, बोटाने पुसली जाईल एवढी पातळ धूळ, जाळीची भोकं मोकळी. तशीच परत बंद केली.